कुंभाराचं गाढव आणि तिसरा सिलिंडर

खंबाटकीचा घाट चढताना गाडी आचके द्यायला लागली. बंद पडली नाही. पडली असती तर बरं झालं असतं, निदान बाजूला घेऊन उभा तरी राहिलो असतो. तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पुढे जायच्या ऐवजी ती थरथरायची आणि डॅशबोर्डवरचा पिवळा इंजिनचा दिवा उघडझाप करायचा. मागे ट्रकची रांग, शेजारी आई, तिच्या मांडीवर डब्यांची पिशवी. "बाबांच्या हातात होती तेव्हा असं कधी केलं नाही तिनं," आई म्हणाली. गाडी २०१४ची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, नव्वद हजार किलोमीटर चाललेली. बाबा निवृत्त झाले आणि ती माझ्याकडे पुण्याला आली, त्याला वर्ष झालं होतं.

साताऱ्यात बाबांचे एक ठरलेले मेकॅनिक आहेत. आम्ही त्यांना मामा म्हणतो. मी शाळेत होतो तेव्हापासून आमच्या घरच्या प्रत्येक गाडीला त्यांचाच हात लागलेला. त्या दिवशी ते गावाला गेले होते, म्हणून फोनवरच सांगितलं. म्हणाले, "मिसिंग आहे. कॉइल गेली असणार एखादी. पण नुसती कॉइल बदलू नको. चारही प्लग काढून बघायला पायजेत, आणि टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळतंय का ते पण. मी आलो की घेऊन ये."

मी फोन ठेवला आणि मनात म्हटलं, एक पार्ट गेलाय आणि हे तीन कामं काढतायत.

हा संशय माझ्या पिढीचा आहे असं मला वाटतं. डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्या, मेकॅनिकनं काम सांगितलं, सोसायटीच्या प्लंबरनं पाइप बदला म्हटलं, की आपण आधी मोबाइल उघडतो. त्यात वाईट काही नाही. बाबा मामांवर डोळे झाकून विश्वास ठेवायचे, मला तो आळस वाटायचा. मी इंजिनिअर आहे, तेही चार वर्षं मेकॅनिकल शिकून सॉफ्टवेअरमध्ये आलेला. आपल्यापैकी अनेकांचं असंच झालंय, त्याबद्दल पुन्हा कधी. पण त्यामुळे इंजिन उघडायची एक जुनी खाज शिल्लक होती.

पुण्याला परत आल्यावर हजारेक रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर मागवला. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये तो लावला आणि फोनवर कोड आला: पी०३०३. शेवटचा आकडा सिलिंडरचा. तिसऱ्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नाहीये, किंवा पडूनही पेट्रोल पेटत नाहीये. गाडीच्या कॉम्प्युटरला हे कसं कळतं तेही मजेशीर आहे. तो सिलिंडरमध्ये डोकावत नाही, क्रँकशाफ्ट किती वेगानं फिरतोय ते मोजतो. ज्याची पाळी असताना शाफ्टला धक्का मिळायला हवा होता आणि मिळाला नाही, तो सिलिंडर गुन्हेगार.

थोडं कॉइलबद्दल. बॅटरी देते बारा व्होल्ट. प्लगच्या टोकाला एक मिलिमीटरच्या आसपासची फट असते आणि दाबलेल्या पेट्रोल-हवेच्या मिश्रणातून ती फट ओलांडायला वीस-तीस हजार व्होल्ट लागू शकतात. ही उडी कॉइल मारून देते. आत तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात, एकाचे वेढे थोडे, दुसऱ्याचे त्याच्या शंभरेक पट. पहिल्यातला प्रवाह एकदम तोडला की चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि दुसऱ्यात प्रचंड दाबाची वीज उभी राहते. इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनी चालत असेल तर एकेका सिलिंडरमध्ये हे सेकंदाला पंचवीस वेळा होतं. आणि फट जितकी मोठी तितका जास्त व्होल्टेज लागतो. पाशेन नावाच्या जर्मन भौतिकशास्त्रज्ञानं १८८९मध्ये हवेचा दाब, फट आणि ठिणगीला लागणारा व्होल्टेज यांचं नातं मांडलं. प्लग झिजतो तसतशी त्याची फट वाढते, आणि कॉइलला रोज थोडी थोडी जास्त ताकद लावावी लागते. हे वाक्य मी तेव्हाही वाचलं होतं. पुढे गेलो.

कॉइल खरंच गेलीय का हे तपासायची एक सोपी पद्धत आहे. इंजिन गार झाल्यावर दहाच्या पान्यानं तिसरी कॉइल काढायची आणि पहिल्या सिलिंडरवर बसवायची, पहिली तिसऱ्यावर. कोड पुसायचा आणि गाडी फिरवून आणायची. आता कोड पी०३०१ आला तर दोष कॉइलबरोबर हलला, म्हणजे कॉइल खराब. पी०३०३च राहिला तर कॉइल निर्दोष, दोष त्या जागेत.

जॉन स्टुअर्ट मिलनं १८४३च्या त्याच्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात कारण शोधायच्या पद्धती दिल्या आहेत, त्यातल्या एकीला भेदाची पद्धत म्हणतात. बाकी सगळं तेच ठेवा, एकच गोष्ट बदला, आणि परिणाम बदलतो का बघा. दहाचा पाना हातात असलेला प्रत्येक मेकॅनिक मिल न वाचता हेच करतो. मी कॉइल बदलली, नवीन कात्रज बोगद्यापर्यंत जाऊन आलो. पी०३०१. पार्किंगमध्ये एकटाच हसलो.

नवी कॉइल दोन हजारांच्या आसपास मिळाली. पाच मिनिटांत बसवली. गाडी रेशमासारखी चालायला लागली. प्लगांना हात लावला नाही, कारण त्यांच्यात दोष असल्याचा पुरावा नव्हता.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. तिसरी कॉइल बाहेर काढली तेव्हा तिच्या खालच्या रबरी नळीला तेल लागलेलं होतं. काळपट, चिकट. प्लगच्या खोबणीत तेल असायला नको, एवढं मला नक्की माहीत होतं. मी खिशातून फडकं काढलं आणि पुसलं.

*

आता कामाच्या ठिकाणची गोष्ट.

गेल्या पावसाळ्यात एका गुरुवारी रात्री आमची पेमेंटची सेवा दोन तास चाळीस मिनिटं बंद पडली. टीममधल्या सगळ्यांत नव्या मुलानं, नोकरीला जेमतेम आठ महिने झालेले, चाचणीच्या सर्व्हरवर चालवायची स्क्रिप्ट खऱ्या सर्व्हरवर चालवली. दोन्ही खिडक्या काळ्या, दोन्हींत तीच पांढरी अक्षरं. एका टेबलातला डेटा उडाला. तो बॅकअपमधून परत आणेपर्यंत मध्यरात्र उलटून गेली.

अशा घटनेनंतर आमच्याकडे एक दस्तावेज लिहितात, त्यात पाच वेळा 'का' विचारायचं असतं. ही पद्धत टोयोटाची, ताइइची ओनो यांच्या नावाशी जोडलेली. यंत्र का थांबलं? फ्यूज उडाला. का उडाला? यंत्रावर ताण आला. असं करत खाली उतरायचं. तो दस्तावेज मी लिहिला. सेवा का बंद पडली? डेटा उडाला. का? स्क्रिप्ट चुकीच्या सर्व्हरवर चालली. का? चालवणाऱ्यानं खात्री केली नाही. इथे थांबलो. चौथ्या आणि पाचव्या 'का'च्या जागी मी प्रशिक्षण, काळजी असले शब्द भरले.

चौथा 'का' मला माहीत होता. ती स्क्रिप्ट मीच लिहिली होती. खऱ्या सर्व्हरवर चालताना 'नक्की ना?' असं विचारायची सोय तिच्यात असावी, असं तिकीट कुणीतरी चौदा महिन्यांपूर्वी टाकलं होतं. ते मी 'गरज नाही' असा शेरा मारून बंद केलं होतं. त्या आठवड्यात दुसरी कामं होती. खरंच होती.

मुलगा प्रोबेशनवर होता. प्रोबेशन वाढलं आणि मग संपलं. त्याच्या जागी दुसरा माणूस आला. डिसेंबरमध्ये टीममधल्या बारा वर्षं अनुभव असलेल्या एका सीनिअरनं तीच स्क्रिप्ट, तशीच, चुकीच्या सर्व्हरवर चालवली. या वेळी नुकसान थोडं झालं. या वेळी कुणाचं प्रोबेशन संपलं नाही. दुसऱ्या दिवशी मी स्क्रिप्टमध्ये चार ओळी टाकल्या. वीस मिनिटं लागली.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांच्या १९९७च्या पुस्तकात, संस्थांमधल्या अपघातांचा दोष ठरवताना, एक चाचणी येते. चूक करणाऱ्याच्या जागी तेवढंच शिक्षण आणि अनुभव असलेला दुसरा माणूस मनातल्या मनात ठेवा. त्याच्याकडूनही तेच झालं असतं का? झालं असतं, तर त्या माणसाला दोष देऊन काही साधत नाही. ही दहाच्या पान्याची चाचणीच आहे. आमच्या ऑफिसात ती मनातल्या मनात नाही, प्रत्यक्षात झाली. माणूस बदलला, कोड पी०३०३च राहिला.

इथपर्यंतचा निष्कर्ष मी कोणत्याही चहाच्या टपरीवर सांगू शकलो असतो, आणि डिसेंबरनंतर सांगतही होतो: माणसाला नाही, यंत्रणेला दोष द्या. ऐकायला चांगलं वाटतं. त्यात माझं नाव कुठेच येत नाही, हा त्याचा आणखी एक फायदा.

*

संस्कृत शिकवणाऱ्या माझ्या मावशीला मी हे एकदा सांगितलं. ती म्हणाली, "मग गाढवाचं काय करणार?"

न्यायशास्त्रात कारणाची चर्चा नेहमी एका मडक्याभोवती फिरते. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' हे त्या शास्त्राचं प्राथमिक पाठ्यपुस्तक. कार्याच्या आधी नियमानं असतं ते कारण, पण एक अट आहे: ते अन्यथासिद्ध असता कामा नये. म्हणजे, कार्य घडण्याच्या आधी हजर असूनही ज्याच्यावाचून काही अडत नाही, ते कारण नव्हे. मडक्याचं कारण माती, चाक, चाक फिरवायची काठी, कुंभार. काठीचा रंग? तो आधी असतोच, पण कारण नाही. कुंभाराचा बाप? तो कुंभाराचं कारण, मडक्याचं नाही. आणि माती वाहून आणणारं गाढव? तेही नाही. माती बैलगाडीनं आली असती तरी मडकं झालंच असतं.

मावशीचा मुद्दा असा होता, की 'यंत्रणेचा दोष' म्हटलं की सगळेच कारण होतात. डेडलाइन देणारा मॅनेजर, त्याला घाई करणारा ग्राहक, तो मॅनेजर नेमणारा, आणि त्याचाही बाप. सगळेच कारण म्हणजे कुणीच नाही. मिल स्वतःही म्हणतो, की काटेकोरपणे बोलायचं तर कारण म्हणजे सगळ्या परिस्थितींची बेरीज. त्यातली एक उचलून तिलाच कारण म्हणणं ही आपली सोय. हार्ट आणि ऑनरे या दोन कायदेतज्ज्ञांनी १९५९च्या पुस्तकात विचारलं, की ही सोय आपण नेमकी कशी करतो? घराला आग लागली तर हवेतला ऑक्सिजन कारण आहे असं कुणी म्हणत नाही, कारण तो नेहमीच असतो. आपण नेहमीपेक्षा वेगळं काय घडलं ते शोधतो, किंवा माणसानं जाणूनबुजून केलेली कृती शोधतो, आणि तिथे थांबतो.

पण नेहमीचं काय आणि वेगळं काय, हे बघणाऱ्यावर अवलंबून असतं. माझ्यासारख्या ड्रायव्हरला कॉइल मरणं वेगळं वाटतं. मेकॅनिकला कॉइल मरणं नेहमीचं, पॅकिंग गळणं हे बघण्यासारखं. रबर बनवणाऱ्या कारखान्याला पॅकिंग गळणंही नेहमीचं. आमच्या दस्तावेजात मुलाची चूक 'वेगळी' ठरली आणि माझी स्क्रिप्ट ऑक्सिजन. कारण दस्तावेज मी लिहीत होतो. गाढव कोण आणि कुंभार कोण हे ठरवायची लेखणी कुंभाराच्याच हातात होती.

*

तीन आठवड्यांनी गाडी पुन्हा आचके द्यायला लागली. पी०३०३. नवी कोरी कॉइल.

त्याच आठवड्यात, शुक्रवारी, बंगळुरूहून एक फोन आला. त्या मुलानं तिथे एका कंपनीत अर्ज केला होता, आणि संदर्भासाठी माझं नाव दिलं होतं. माझं. तिथल्या मॅनेजर बाई सभ्यपणे बोलत होत्या. म्हणाल्या, "त्याच्या हातून प्रॉडक्शनमध्ये मोठी चूक झाली होती, असं त्यानंच मुलाखतीत सांगितलं. खरं आहे का?"

मी म्हणालो, "हो."

पुढे मी त्याच्याबद्दल चांगलंही बोललो. मेहनती आहे, शिकतो. पण 'हो'नंतर आवाज बदलतो तो बदललाच होता.

रविवारी गाडी साताऱ्याला नेली. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये, पंख्यासारखी थरथरत. उघडझाप करणाऱ्या दिव्याकडे बघत अशी गाडी चालवू नये. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं, आणि कॉइलच्या कितीतरी पट महाग असलेला तो भाग जळून जाऊ शकतो. चूक एका जागी, भुर्दंड तिसऱ्याच जागी. ऑफिसात तो ग्राहकसेवेच्या मुलींनी भरला होता, रात्रभर शिव्या खाऊन.

मामांनी नवी कॉइल काढली, रबरी नळी उलटी करून उन्हात धरली. आत एक बारीक काळी रेघ होती, पेन्सिलनं ओढल्यासारखी. मग गोटी लावून प्लग काढला. त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर तशीच रेघ, बरोबर समोरासमोर.

"ही बघ," ते म्हणाले. "विजेनं वाट पाडलीय. फट ओलांडायची सोडून बाहेरनं उतरती. तू नवीन कॉइल जुन्याच प्लगवर बसवलीस. जुन्या प्लगवर रेघ होती, तिनं नव्या रबरावर पण रेघ काढली."

फिलर गेजनं फट मोजली. असायला हवी होती १.१ मिलिमीटर, होती दीडच्या आसपास. तेवढ्या फटीवरून उडी मारणं वीज टाळणारच, तेलानं मऊ झालेल्या रबरातून बाहेरची वाट सोपी. आणि तेल येत होतं वरून, टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून, प्लगच्या नळीभोवतीच्या कडक पडलेल्या सीलमधून. फोनवर, गाडी न बघता, त्यांनी तिन्ही गोष्टी याच क्रमानं सांगितल्या होत्या.

"तेल दिसलं नाही का तुला, मागल्या वेळी काढलीस तेव्हा?"

"दिसलं. पुसलं."

ते काही बोलले नाहीत. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं.

तिथे बाकावर बसून मला जे कळलं ते चाचणीबद्दल होतं. माझी अदलाबदल चुकली नव्हती. कॉइल खरोखरच मेलेली होती, पहिल्या सिलिंडरवर नेली तरी मेलेलीच राहिली. पण चाचणी फक्त इतकं सांगते, की दोष आत्ता कुठे आहे. तो आला कुठून हे ती सांगत नाही. जागेनं बिघडवलेला पार्ट दुसऱ्या जागी नेला, तरी बिघाड बरोबर घेऊन जातो. पहिल्या सिलिंडरवरून बघणाऱ्याला वाटतं, ही कॉइलच अशी.

तो मुलगा आमच्याकडे आला तेव्हा कसा होता ते मला आठवतं. प्रत्येक कमांड चालवण्याआधी दोनदा विचारायचा. आम्ही हसायचो. सहाव्या महिन्यापासून आठवड्यातून दोन-तीन रात्री त्याला ऑन-कॉल टाकत होतो, कारण नवा होता आणि नाही म्हणायचा नाही. आठव्या महिन्यात तो विचारेनासा झाला. म्हणजे त्या गुरुवारी तो खरोखरच निष्काळजी होता. दस्तावेजात खोटं काही नव्हतं. बंगळुरूला दिलेला 'हो'ही खोटा नव्हता. आणि निर्णय घाईनं घेणारा, घाबरलेला तो मुलगा आता नव्या जागी तसाच जाणार, आणि तिथेही एखादा स्कॅनर त्याच्याच नावावर कोड दाखवणार.

मावशीच्या प्रश्नाचं उत्तर मला पूर्ण देता येत नाही. थांबायचं कुठे? मला वाटतं, कारणांच्या साखळीत उतरताना जिथे कुणीतरी तेल पाहिलं, ते बदलायची ताकद त्याच्या हातात होती, आणि त्यानं ते फडक्यानं पुसलं, तिथे थांबावं. त्याच्याही मागे जाता येतं, माझ्याकडे त्या आठवड्यात कामं होतीच. पण ती कामं म्हणजे काठीचा रंग. तिकीट बंद करायचं बटण मीच दाबलं होतं. यानं त्या मुलाचा वाटा शून्य होत नाही. मरायच्या आधी कॉइलनं इशारे दिले असतील, त्यानंही दोन शब्द बोलायला हवे होते. पण वाटे मांडायचे तर आधी सगळी नावं कागदावर हवीत.

मामांनी पॅकिंग, सील, चारही प्लग आणि पुन्हा एक कॉइल घातली. बिलात मी वाया घालवलेल्या कॉइलचे पैसे नव्हते, अर्थातच. मला मात्र ते दिसत होते. मी म्हणालो, "मामा, त्या दिवशी मला वाटलं तुम्ही काम वाढवताय." ते हात पुसत म्हणाले, "वाटू दे की. पण वाटलं तर तोंडावर विचारायचं." आणि पुढच्या गाडीकडे गेले.

सोमवारी ऑफिसात गेलो आणि तो जुना दस्तावेज उघडला. चौथ्या 'का'खाली तिकिटाचा क्रमांक, बंद केल्याची तारीख आणि माझं नाव लिहिलं. पाचव्याखाली ऑन-कॉलचं वेळापत्रक जोडलं. तो आता कुणी वाचत नाही. बदल झाल्याची सूचना दोघांना गेली असेल, एकानं अंगठा दाखवला.

हा कागद कंपनीबाहेर देता येत नाही. स्वतःनं काय केलं हे मात्र स्वतःच्या शब्दांत सांगता येतं. बंगळुरूच्या बाईंना पाठवायचं पत्र मी लिहिलं, तीन परिच्छेद झाले. पाठवण्याआधी त्या मुलाला फोन केला, कारण गोष्ट त्याचीही होती. सगळं वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता. मागे बसचा आवाज येत होता.

मग म्हणाला, "ते तिकीट तू बंद केलं होतंस, हे तुला तेव्हा आठवत होतं?"

"हो."

"ठीक आहे," तो म्हणाला. "पाठव. मला कॉपीत ठेव."